नलगोंड्याची तुरटी आणि 'परवडणारं' पाणी

सिनॉप्सिस लिहिताना काही विशेषणं हातून आपोआप उतरतात. 'कमी खर्चाचे', 'ग्रामीण भागाला परवडणारे', 'वापरण्यास सुलभ'. संदर्भलेखांत तीच असतात, शासकीय अहवालांत तीच असतात, मग आपल्या प्रस्तावनेतही ती येऊन बसतात आणि कोणी हटकत नाही. तुम्ही तंत्रज्ञानाच्या किंवा सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासावर काम करणार असाल, तर माझं सांगणं असं की नेमकं या विशेषणांपाशी थोडं थांबा. परवडणारं म्हणजे कोणाला? किती दिवस? आणि तो हिशेब कोणाच्या वहीत मांडला?

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आज एकच उदाहरण घेते. पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायची 'नलगोंडा पद्धत'. नाव आताच्या तेलंगणातल्या जिल्ह्याचं, पण पद्धत तयार झाली आपल्या नागपुरात. लहान गावांसाठी स्वस्तातलं जलशुद्धीकरण या विषयावरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, हिचं नाव भेटण्याची शक्यता दांडगी आहे. आणि ज्या जिल्ह्याचं नाव तिला मिळालं, तिथल्या कित्येक गावांतली माणसं नंतरही काही दशकं तेच पाणी पीत राहिली. पद्धत खोटी होती का? नाही. मग असं का झालं?

आधी पाण्याबद्दल दोन गोष्टी. फ्लोराइड कारखान्यातूनच येतं असं नाही. इथे ते खडकातून येतं. नलगोंड्याचा खडक ग्रॅनाइटचा. त्याच्या भेगांमध्ये पाणी जितकं जास्त काळ मुरतं, तितकं फ्लोराइड त्यात विरघळत जातं, आणि त्या पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर अजूनच. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. त्याच्या वर गेलं की लहान मुलांच्या दातांवर पांढरे आणि मग तपकिरी पट्टे दिसतात. फार जास्त आणि फार वर्षं प्यायलं तर हाडं धरतात: मान वळत नाही, पाठ वाकते ती सरळ होत नाही, पाय बाहेर किंवा आत वळतात. एकदा वाकलेलं हाड औषधाने परत येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे.

अजून एक, आणि माझ्या मते हे सगळ्यांत महत्त्वाचं: फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, गढूळपणा नाही. हापशाचं पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं. उकळून उपयोग नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं.

आता तारखा बघू. भारतात या रोगाची वैज्ञानिक नोंद ठळकपणे झाली ती १९३७ साली. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या रुग्णांवर शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेख लिहिला. तीन वर्षांनी, १९४० मध्ये, चिंतामण गोविंद पंडित आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले, ते हेच. त्यांच्या अभ्यासाची गंमत ही की त्यांनी फक्त पाणी मोजलं नाही. सारख्याच पाण्यावर काहींची हाडं जास्त का बिघडतात, याचं उत्तर आहारात शोधायचा प्रयत्न केला. पुढे अनेक वर्षं अभियंते पाण्याकडे बघत राहिले आणि डॉक्टर ताटाकडे. या दोघांचं लिखाण एकत्र वाचलेला प्रबंध मला क्वचितच दिसतो. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

नलगोंड्याचं नाव आलं १९५५ मध्ये. ए. एच. सिद्दीकी यांचा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला लेख, शीर्षकातच 'नलगोंडा जिल्हा, हैदराबाद-दख्खन'. तेव्हा हे हैदराबाद राज्य होतं. आपला मराठवाडाही १९५६ पर्यंत त्याच राज्यात. म्हणजे कागदपत्रं शोधताना राज्यांच्या आजच्या सीमा डोक्यातून काढून टाका, नाहीतर अर्धं दप्तर हातचं जाईल. आणि याच १९५५ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंनी कृष्णेवर नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी केली. धरणाचा एक काठ नलगोंडा जिल्ह्यातच. डाव्या कालव्याने जिल्ह्याचा खालचा भाग भिजला. वरच्या, उंचावरच्या तालुक्यांना कालव्याचं पाणी चढणं शक्य नव्हतं. तिथे उरला तो भूगर्भ.

आणि त्याच काळात भूगर्भाला सगळीकडे चांगले दिवस आले होते. १९६० च्या दशकातल्या दुष्काळांनंतर युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रं आणली. बोअर घ्यायचा, वर हापसा बसवायचा. आज देशभर दिसणारा 'इंडिया मार्क दोन' हापसा ज्या 'सोलापूर पंपा'वरून बेतला, तो आपल्याकडचा. उघड्या विहिरीतून पटकी, हगवण, नारू होत. बोअरचं पाणी जंतूंपासून सुरक्षित. हे खरं होतं, आणि त्यामुळे जीव वाचले हेही खरं आहे. फक्त ग्रॅनाइटच्या प्रदेशात उथळ विहिरीकडून खोल बोअरकडे जाणं म्हणजे कित्येक ठिकाणी जंतूंकडून फ्लोराइडकडे जाणं ठरलं. एका काळाचा स्वस्त उपाय दुसऱ्या काळाचा प्रश्न कसा होतो, हे बघायचं असेल तर हापशाचा इतिहास वाचावा.

आता नागपूर. १९५८ मध्ये तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदलून 'नीरी' झालं. नाव बदललं म्हणजे संस्थेचा रोख सार्वजनिक आरोग्याकडून पर्यावरणाकडे वळला, असं काही जण म्हणतात. तो वाद इथे नको. १९७५ मध्ये संस्थेतल्या नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू या चौघांचा नलगोंडा पद्धतीवरचा लेख छापून आला.

पद्धत काय, तर वस्तू तीन: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर. ब्लीचिंग पावडर म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीतली टीसीएल. घरगुती प्रकारात साधारण ४० लिटरची बादली घ्यायची, तिला तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर तोटी. पाण्यात चुना आणि टीसीएल मिसळायची, मग तुरटीचं द्रावण घालायचं, दहा मिनिटं सावकाश ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, आणि तोटीने वरचं पाणी काढून घ्यायचं. तळाचा गाळ टाकून द्यायचा. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे कापसासारखे पुंजके होतात, फ्लोराइड त्यांना चिकटून खाली बसतं. मोठ्या गावासाठी हेच टाकीत करायचं. बाहेरून काही मागवायचं नाही, आयात रसायन नाही, महाग यंत्र नाही. १९७० च्या दशकातल्या भारतात, परकीय चलनाची चणचण असताना, ही फार मोठी गोष्ट होती. शास्त्रज्ञांना गावाची परिस्थिती कळत नव्हती, असला आरोप या लोकांवर करू नका. त्यांनी गावात मिळणाऱ्या वस्तूच निवडल्या.

इथे थोडा वेळ तुरटीवर घालवू, कारण सगळं नाटक तिथे आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्याआधी निवळीच्या बिया उगाळून घालत. मातीचे कण खाली बसवायला लिटरमागे काही दहा मिलिग्रॅम तुरटी पुरते. पण फ्लोराइड म्हणजे गाळ नव्हे. ते विरघळलेलं असतं. त्याला धरायला तुरटी काही शे मिलिग्रॅम लागते. किती, हे दोन गोष्टींवर ठरतं: पाण्यात फ्लोराइड किती, आणि त्याची अल्कता किती, म्हणजे आम्ल पचवायची ताकद किती. नीरीने त्यासाठी तक्ते दिले. एकाच गावातल्या दोन हापशांचं पाणी वेगळं असेल तर डोसही वेगळा.

चला, हिशेब करून बघू. तुमच्या वहीतही करा, दोन मिनिटं लागतील. समजा १००० वस्तीचं गाव. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ८ लिटर. रोजचं पाणी झालं ८००० लिटर. समजा डोस लिटरला ५०० मिलिग्रॅम. म्हणजे रोज ४ किलो तुरटी. वर्षाला जवळपास दीड टन. सिमेंटच्या गोण्यांच्या भाषेत, तीसेक गोण्या. आता ४ किलो तुरटीतून हायड्रॉक्साइडचा गाळ किती निघेल? पूर्ण सुकवून मोजला तर साधारण एक किलो. पण तो सुका नसतोच; पेजेसारखा असतो, ९८-९९ टक्के पाणी. म्हणजे रोज ५० ते १०० लिटर फ्लोराइडयुक्त चिखल. तो कुठे टाकायचा? नाल्यात? शेताच्या बांधावर? पावसाळ्यात कुठे?

घरगुती बादलीचं बघा. ४० लिटरला त्याच डोसने २० ग्रॅम तुरटी. महिन्याला ६०० ग्रॅम. फारच स्वस्त, खरंच. पण रोज. पाणी भरून आणल्यावर, स्वयंपाकाच्या आधी, मोजून, ढवळून, तासभर थांबून. हे कोण करणार, ते मी सांगायला नको. नलगोंडा पद्धतीच्या खर्चाच्या कोष्टकांत रसायनांची किंमत असते, टाकीची असते. त्या बाईचा वेळ असतो का, हे तुम्ही स्वतः शोधून बघा.

आणि आता रंगहीन पाण्याचा मुद्दा परत आणा. गढूळ पाण्याला तुरटी लावली की तासाभरात डोळ्यांना फरक दिसतो. टीसीएल टाकली की वास येतो. जास्त झाली तर लोक तक्रार करतात, कमी झाली तर जलसुरक्षकाला कळतं. इथे बादलीत आधीही स्वच्छ पाणी, नंतरही स्वच्छ पाणी. चव उलट जराशी बिघडलेली, कारण सल्फेट वाढतं. एक दिवस केलं नाही तर काही होत नाही. महिनाभर केलं नाही तरी काही होत नाही. फायदा दिसणार तो दहा-पंधरा वर्षांनी, तोही 'न झालेल्या' आजाराच्या रूपात. अशी कामं माणसं शिस्तीने करत नाहीत. हा अडाणीपणा नाही. तुम्ही-आम्हीही केली नसती. म्हणून 'लोकसहभागाचा अभाव' असं वाक्य अहवालात दिसलं की त्याला पुरावा मानू नका. तो निष्कर्ष आहे, आणि सहसा घाईने काढलेला.

तांत्रिक मर्यादाही होत्याच. पाणी फारच फ्लोराइडचं असेल तर ते मर्यादेत येईलच असं नाही. चुन्याचं आणि तुरटीचं गणित चुकलं तर ॲल्युमिनियम पाण्यातच राहतं. पण बघा, हे नंतरच्या टीकाकारांनी शोधलेलं नाही. १९७९ मध्ये बुलुसू आणि सहकाऱ्यांनी जो मोठा आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच फ्लोराइड काढण्याच्या पद्धती 'आणि त्यांच्या मर्यादा' असे शब्द आहेत. म्हणजे पद्धत देणाऱ्यांनी चार वर्षांत मर्यादा लिहून ठेवल्या. मर्यादा गळून कुठे पडल्या? प्रयोगशाळेतून योजनेत जाताना. १९८६ मध्ये राष्ट्रीय पेयजल तंत्रज्ञान मिशन आलं, फ्लोराइड त्याच्या अजेंड्यावर होतंच. योजनेच्या कागदाला 'पद्धत उपलब्ध आहे' एवढं एक वाक्य पुरतं. प्रकरण मिटलं.

एखादं तंत्र प्रवासाला निघालं की त्याचा खरा स्वभाव कळतो. नलगोंडा पद्धत पूर्व आफ्रिकेत गेली. टांझानियात किलिमांजारो-मेरूच्या ज्वालामुखी भागात फ्लोराइड भयंकर. तिथे १९९० च्या दशकात एली दाही आणि सहकाऱ्यांनी तिचा दोन बादल्यांचा प्रकार केला: वरच्या बादलीत ढवळायचं, निवळलेलं पाणी कापडातून लगेच खालच्या बादलीत सोडायचं. कारण गाळावर पाणी तसंच ठेवलं तर धरलेलं फ्लोराइड पुन्हा पाण्यात सुटू शकतं. रात्री ढवळून ठेवलं आणि सकाळी काढलं, हे कुठल्याही घरात होणारच. त्या शक्यतेवर उपाय म्हणून दुसरी बादली. वापरणाऱ्याच्या सवयीला चूक न ठरवता तिच्याभोवती तंत्र वळवलेलं दिसतं ते इथे.

भारतात दरम्यान दुसरे पर्याय येत होते. सक्रिय ॲल्युमिनाचे घरगुती फिल्टर. त्यात रोज ढवळायचं नसतं, पण काही महिन्यांनी आम्ल आणि कॉस्टिक वापरून माध्यम पुन्हा ताजं करावं लागतं. हाडांचा कोळसा उत्तम काम करतो, पण आपल्याकडे हाडातून गाळलेलं पाणी कोण पिणार? नंतर आरओ आणि वीस लिटरचे जार. ते आजही आहेत, आणि त्यातून बाहेर पडणारं जास्त फ्लोराइडचं टाकाऊ पाणी बहुतेकदा त्याच जमिनीत जातं.

आता नलगोंड्याच्या लोकांनी काय केलं ते बघा. १९९६ ची लोकसभा निवडणूक. जलसाधना समितीने लोकांना उमेदवारी अर्ज भरायला लावले. मागणी एकच, कृष्णेचं पाणी उंचावरच्या तालुक्यांना द्या. एका मतदारसंघात ४८० उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचं अक्षरशः पुस्तक झालं, मतदान पुढे ढकलावं लागलं. देशभर बातमी गेली. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये झाली आणि अपक्षांना दहा सूचक लागू झाले. पाणी मिळायला मात्र अजून बरीच वर्षं होती.

संशोधक म्हणून या घटनेकडे नीट बघा. स्वस्त पद्धत हाताशी होती, तिला जिल्ह्याचंच नाव होतं. तरी लोकांनी 'आम्हाला तुरटी द्या' असं म्हटलं नाही. त्यांनी नदी मागितली. पाण्याचं शुद्धीकरण करत बसण्यापेक्षा शुद्ध पाणी मागितलं. राज्याच्या हिशेबात बादली स्वस्त होती, कारण बादलीचा रोजचा खर्च घराच्या वहीत जात होता. लोकांच्या हिशेबात पाइपलाइन स्वस्त होती. दोन्ही हिशेब बरोबर होते. वह्या वेगळ्या होत्या.

शेवटी आलं ते नदीचंच पाणी. तेलंगण राज्य २०१४ मध्ये झालं. २०१५ मध्ये मिशन भगीरथचा स्तंभ उभारला तो नलगोंडा जिल्ह्यात, चौटुप्पलला. जागेची निवड उगाच नव्हती. २०१६ मध्ये योजनेचं औपचारिक उद्घाटन झालं. योजनेचा आकडा सगळ्या राज्यासाठी ४० हजार कोटी रुपयांच्या पलीकडचा. याला कोणी 'कमी खर्चाचं तंत्रज्ञान' म्हणणार नाही, आणि पंपांची वीज, गळती, देखभाल हे प्रश्न तिथेही आहेतच. पण १९५५ चा लेख आणि २०१५ चा स्तंभ यांच्यामध्ये साठ वर्षं आहेत. तेवढ्यात तीन पिढ्यांच्या मुलांचे दात आले. हा खर्च कुठल्या कोष्टकात घालायचा, ते मला अजून नीट जमलेलं नाही. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्याच्याशीच झगडतं आहे.

बादलीला निकालात काढू नका, एवढं मात्र सांगते. जिथे पाइप पोचायला दहा वर्षं आहेत, तिथे तोपर्यंत मुलांनी काय प्यायचं, या प्रश्नाचं उत्तर नदी देत नाही. माझा आक्षेप बादलीवर नाही. तात्पुरत्या उपायावर 'कायमचा' असा शिक्का मारून फाइल बंद करण्यावर आहे.

तुम्हाला असं काम महाराष्ट्रात करायचं असेल तर यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडची गावं आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाणी तपासणीचे आकडे मिळतात. ते घ्याच, पण त्याच्याबरोबर ग्रामपंचायतीची साठा नोंदवही मागा. शुद्धीकरणाची यंत्रणा बसली त्या वर्षाची नव्हे, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाची. तुरटी किंवा माध्यम शेवटचं कधी विकत घेतलं, वीजबिल कोणी भरलं, यंत्रणा चालवणाऱ्याला मानधन कोणत्या लेखाशीर्षातून मिळालं, गाळ कुठे गेला. संसदेतले आणि विधिमंडळातले तारांकित प्रश्नही चाळा. 'किती यंत्रणा बसवल्या' याचं उत्तर त्यांत नेहमी मिळतं, 'किती चालू आहेत' याचं कधीकधी. नोंदवही दाखवायला ग्रामसेवक का-कू करतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण आधी हापशावर जाऊन तासभर बसा. पाणी भरायला येणाऱ्या बायका यंत्रणा कधी बंद पडली ते महिन्यासकट सांगतात, बहुतेक वेळा कोणाच्या लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या हिशेबाने. ती तारीख लिहून घ्या आणि मग वहीतल्या नोंदीशी ताडून बघा.

पुढच्या लेखात मंदगती वाळूच्या गाळण्या घेऊ. त्यांना रसायन लागतच नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब अगदी वेगळा आहे.